वळायला जागा

नेर गावात बाजार समितीच्या मागून एक डांबरी फाटा निघतो आणि नाल्याच्या अलीकडे एका कमानीखाली शिरतो. कमानीवर 'पार्वती नगर' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. ही पार्वती कैलासावरची नव्हे, नानाजी गावंड्यांची माय. तिला कुणी पार्वती म्हणून हाक मारली असती तर तिनं ओ दिली नसती. गावात ती सगळ्यांची पार्बतामाय होती. नानाजीनं वावराचं एन. ए. करून ले-आउट पाडला, आईचं नाव कमानीवर चढवलं आणि तिला ऑटोत बसवून दाखवायला आणलं. म्हातारीनं कमान वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "जित्तेपणीच नाव वर चढवलं बावा. आता हार घालाचाच राह्यला."

नानाजीनं ते हसण्यावारी नेलं. त्या दिवसांत त्याला सगळंच हसण्यावारी नेता येत होतं. प्लॉट हातोहात गेले होते. शिक्षक, बँकेतले, तहसीलमधले असे नोकरदार लोक राहायला येणार होते. अडचण होती ती एकाच रस्त्याची, तीन नंबरच्या.

तीन नंबरचा रस्ता म्हणजे मूळची पांदण, वावरांच्या मधून बैलगाडीपुरती सोडलेली वाट. ही पांदण गावातून निघून बौद्ध वस्तीच्या कडेनं यायची, गावंड्यांच्या वावरातून पुढं शेजारी अन्सारच्या वावरात शिरायची आणि नाल्यावर संपायची. नाल्याच्या अलीकडच्या काठावर गावंडे आणि इतरांची मसणवट, पलीकडच्या काठावर वस्तीची. जिवंतपणी जे काय वेगळं असेल ते असो, शेवटची वाट सगळ्यांची एकच होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते प्लॉट विकायला निघाल्यावर. गिऱ्हाईक यायचं, पूर्व-पश्चिम पाहायचं, पाणी विचारायचं, आणि जाता जाता, चप्पल पायात सरकवताना, हळूच म्हणायचं, की काका, वस्तीतल्या मयती इथूनच जातात का? जातीचं नाव कुणी घेतलं नाही. शिकली-सवरलेली माणसं होती. नानाजीही शिकल्या-सवरल्यासारखं उत्तर द्यायचा, की तो रस्ता बंदच व्हायचा आहे.

नगर रचनेच्या साहेबानं त्याला नियम नीट समजावून सांगितला होता. ले-आउटमधला रस्ता शेजारच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, न्यावा लागतो. उद्या शेजाऱ्यानं ले-आउट पाडला तर त्याचा रस्ता तुमच्या रस्त्याला येऊन मिळाला पाहिजे, नाहीतर जो तो आपापलं कुंपण घालून बसेल आणि गावाचा कोंडवाडा होईल. अगदीच बंद ठेवायचा असेल तर रस्ता आखूड पाहिजे, आणि शेवटी गोल जागा सोडायची, म्हणजे आत आलेल्या गाडीला तोंड फिरवता येईल. एवढ्या लांबलचक नियमातलं शेवटचं वाक्य तेवढं नानाजीनं उचललं. नकाशावर तीन नंबरच्या टोकाला गोल काढून घेतला, मंजुरी आणली आणि अन्सारच्या धुऱ्यावर पुरुषभर उंचीची विटांची भिंत घातली. पुढं रहिवाशांना लेकरांसाठी घसरगुंडी पाहिजे झाली, तेव्हा त्या गोलालाही लोखंडी जाळी लागली आणि त्याची बाग झाली. मग शाळेची व्हॅन रोज सकाळी आत यायची आणि टिंव टिंव करत रस्ताभर उलटी जायची.

नानाजीनं घर याच रस्त्यावर मधोमध बांधलं होतं. पार्बतामायचे पाय थकले होते. सकाळी तिला उचलून ओट्यावर उन्हात बसवायचं काम नानाजीचं. ते तो कुणावर सोडत नसे. दुपारनंतर तिला थोडी तरतरी यायची, मग ती काठी टेकत भिंतीपर्यंत जायची, भिंतीकडे पाहत उभी राहायची आणि परत यायची. फाटकाची कडी वाजायची आणि आतून सून, बेबी, डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायची. एकदा ती व्हॅन उलटी जाताना म्हातारी म्हणाली, "नानाजी, गोठ्यातबी बैलाले वळाले जागा ठेवते माणूस. तू रस्त्याले नाही ठेवली."

भिंतीच्या विटा येऊन पडल्या तेव्हा उकंडा दोनदा येऊन गेला होता. उकंडा म्हणजे गावंड्यांचा जुना सालदार. नानाजी लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन याच पांदणीनं वावरात न्यायचा. आता स्वतःच वाकला होता आणि छातीत घरघर होती. अंगणात उभं राहून त्यानं सांगितलं, की हमरस्त्यानं मोठा वळसा पडतो, ट्रकांच्या गर्दीत मयत न्यायची म्हणजे खांदेकऱ्यांचाच जीव मुठीत, माणूस जाईल एवढी तरी वाट ठेव. नानाजीनं दोन्ही वेळा एकच सांगितलं, तेही अगदी गोड आवाजात, की नियमात बसत नाही उकंडा, माझ्या हातात असतं तर ठेवली नसती का. पार्बतामाय ओट्यावरून ऐकत होती. दुसऱ्या खेपेला तिनं उकंडाला बसवून चहा पाजला, आणि त्या दिवशी ती लेकाशी एक अक्षर बोलली नाही.

कपाशीचा पहिला वेचा चालू होता त्या दिवसांत पार्बतामाय झोपेतच गेली. चांगलं पिकलं पान, सगळे म्हणाले सोनं झालं. बोरी अरब गावाहून नानाजीची आत्या आली, नातलग आले, तिरडी बांधली. ठरलं असं, की मयत घरातून निघून उजवीकडे कमानीतून बाहेर काढायची आणि हमरस्त्यानं नाल्यावर न्यायची. नानाजी सगळ्यांत पुढं, हातात विस्तवाचं मडकं. ज्याच्या हातात मडकं त्यानं मागं वळून पाहायचं नसतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

फाटकातून बाहेर पडला आणि तो डावीकडे वळला.

बाप गेला तेव्हा तो असाच मडकं धरून या पांदणीनं चालला होता. डोकं सुन्न झालं की पाय आपल्या अकलेनं चालतात, आणि नानाजीच्या पायांना मंजूर नकाशा कुणी दाखवलेला नव्हता. मागचे मागोमाग निघाले. बोरी अरबच्या मंडळींना रस्ता माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांना मडकेवाल्याला हटकायचं कसं ते कळेना. थेट भिंतीशी गेल्यावर नानाजीनं मान वर केली. समोर त्याच्याच विटा होत्या.

एका बाजूला बागेची जाळी, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी झाकून ठेवलेली मोटार, मागं गर्दी. तिरडी फिरवायला जागा नव्हती. खांदे अवघडले म्हणून ती तिथंच खाली टेकवली, तेव्हा एक म्हातारा म्हणाला की टेकली म्हणजे हाच विसावा. विसाव्याला एक खडा उचलतात, त्यात गेलेल्याचा जीव मानतात आणि दहाव्यापर्यंत तो सांभाळतात. डांबरावर खडा कुठला? कुणीतरी भिंतीच्या बुडाशी पडलेला विटेचा तुकडा उचलून नानाजीच्या हातावर ठेवला. मग खांदेकरी जागच्या जागी पाठमोरे झाले, आणि पाय पुढं करून घरातून निघालेली पार्बतामाय डोकं पुढं करून घराकडे परत निघाली. माणूस डोक्याकडून येतं आणि पायांकडून जातं म्हणतात. गर्दी उलटी झाल्यानं नानाजी आता सगळ्यांच्या मागं पडला होता. पुढं जायला त्यानं मान फिरवली, आणि जे पाहायचं नसतं ते सगळं पाहिलं.

घरात तोवर बेबीनं फरशी पुसून काढली होती, माय जिथं गेली तिथं दिवा लावून खाली पीठ पसरलं होतं, त्यावर टोपली झाकायची तेवढी बाकी होती. दारावरून मयत कमानीकडे गेली, पुढचं सगळं रीतसर झालं. पण तिसऱ्या दिवशी आत्यानं टोपली उचलली आणि तिथंच बसून राहिली. पिठात पाऊल उठलं होतं. लहानसं, बाईमाणसाचं, बोटं घराच्या आत वळलेली. जाणाऱ्याचं पाऊल दाराकडे पाहिजे. आत्यानं बेबीला विचारलं, की मयत परत दारावरून आली तेव्हा तू काय केलंस? ती म्हणाली की कडीसारखा आवाज झाला, मी दारात आले, पाहते तर सासूबाई येत आहेत. लग्न होऊन आल्यापासूनची सवय. मी पदर घेतला आणि बाजूला झाले.

नानाजीनं बायकोला चूप केलं. पीठ आहे, उंदीर गेला असेल, तो म्हणाला. नव्या सिमेंटच्या घरात उंदीर कुठून आला ते कुणी विचारलं नाही. दहाव्याला विटेचा तुकडा नाल्यात सोडला, पिंड ठेवला, आणि कावळ्यानं तो खाली ठेवता ठेवताच उचलला. काही राहिलं असेल अशी शंका घ्यायलाही कावळ्यानं जागा ठेवली नाही. तेरवी झाली, पाहुणे पांगले.

आणि मग संध्याकाळी काठी वाजायला लागली.

दिवस कलला की भिंतीकडून आवाज यायचा, डांबरावर काठी टेकल्याचा. सावकाश, मधे थांबत, दम खात. फाटकाशी आला की कडी वाजायची. बेबी स्वयंपाकघरातून उठायची, पदर घ्यायची, आणि अंगणात कुणी नसायचं. थोड्या वेळानं काठी परत भिंतीकडे जायची. नानाजीनं कडीला तेल घातलं, मग चिंधी बांधली. चिंधी सकाळी सोडलेली असायची. समोरच्या घरातल्या सरांनाही ऐकू येत असावं, कारण त्यांनी लेकरांना बागेत पाठवणं बंद केलं आणि विचारलं तर थंडी आहे म्हणाले. घसरगुंडीवर पाला साचला. व्हॅनवाला आता आत येईना. कमानीशीच उभा राहून हॉर्न वाजवायचा.

नानाजीला भीती वाटत नव्हती. आईची कसली भीती? त्याला वाटत होतं ते भीतीहून वाईट होतं. पाय थकलेली म्हातारी रोज भिंतीपर्यंत जाते, वाट मिळत नाही म्हणून परत येते, घरी येते तर घर आता तिचं नाही, म्हणून पुन्हा भिंतीकडे जाते. तिला उचलून आणायलाही हात लावता येत नाही. त्यानं बोरी अरबला जाऊन आत्याचे पाय धरले.

आत्यानं सुपारी कातरत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भिंत पाड. पण नुसती भिंत पाडून होत नसते रे. अर्ध्यातून परतलेलं माणूस एकटं निघत नाही, त्याले सोबत लागते. त्या वाटेनं दुसरी मयत गेली पाह्यजे. तिच्या मागं मागं थे जाईन."

नानाजी बसनं परत येताना पार्वती नगरातली घरं मनातल्या मनात फिरला. सगळी तरणीताठी, नोकरीची माणसं. आणि आपल्या मनात काय येतंय हे लक्षात येऊन तो खिडकीबाहेर पाहायला लागला. पण मन एकदा चाखलेली गोष्ट सोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून वस्तीच्या दिशेनं कान लावू लागला. ज्या मयती दारावरून जाऊ नयेत म्हणून त्यानं भिंत घातली होती, त्यातली एखादी निघावी म्हणून तो आता वाट पाहत होता. वस्तीत कुणी आजारी आहे का, याची चौकशी करू लागला. त्याला कळलं की उकंडानं अंथरूण धरलं आहे.

तो मोसंब्या घेऊन भेटायला गेला. दुसऱ्या दिवशी गेला, पुढच्याही दिवशी गेला. वस्तीत कुजबुज झाली, की एवढी वर्षं गावंड्यांच्या उंबऱ्यानं इकडे पाहिलं नाही, आता काय निघालं? उकंडाचा मुलगा धम्मरत्न वीज मंडळात लाइनमन होता. तो नमस्कार करायचा, खुर्ची द्यायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा. उकंडाची बायको कौसल्या पाणी आणून द्यायची. नानाजीनं जन्मभर ज्याला नुसतं उकंडा म्हटलं, त्याला तिथं बसल्यावर तोंडातून उकंडादादा निघालं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"नानाजी," तो म्हणाला, "तू माह्या मरणाची वाट पाहून राह्यला काय?"

कौसल्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. नानाजीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण खोटं निघेना. उकंडा हसायला लागला आणि हसता हसता खोकल्यानं बेजार झाला. कौसल्यानं त्याची पाठ चोळली.

"पार्बताबाई भिंतीपाशी उभी राह्यते म्हणते लोकं," दम आल्यावर तो म्हणाला.

"हो," नानाजी म्हणाला.

"आमी धम्म घेतला तवाच भूतखेत सोडलं. मेलं थे मेलं." उकंडा थांबून श्वास घेत राहिला. "पण वाट माही हाये. लहानाचा मोठा झालो त्या वाटेनं. भिंत पाड का नोको पाडू, मले तिकूनच न्या." हे शेवटचं तो नानाजीला म्हणाला नाही, बायकोकडे पाहून म्हणाला.

नानाजी बाहेर पडला तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही. समोरून चाललेल्या माणसानं नमस्कार केला, तो त्यानं घेतला की नाही हेही त्याला आठवत नव्हतं.

थंडी अजून होती. एका सकाळी नानाजी अंगणात दात घासत असताना वस्तीतून कौसल्याच्या रडण्याचा आवाज आला. त्या पहिल्या क्षणी त्याला जे वाटलं, ते दुःख नव्हतं. ते काय होतं हे त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही, बेबीलाही नाही. चूळ न भरताच तो निघाला.

दारात माणसं जमली होती. नानाजीनं धम्मरत्नाला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबाची मयत आपल्या रस्त्यानं न्या, दुपारच्या आत वाट मोकळी करतो. धम्मरत्नाचे डोळे लाल होते. त्यानं शांतपणे विचारलं, "नियमात बसते काय, काका?"

बापाकडून ऐकलेलं त्यानं जपून ठेवलं असणार. नानाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तवाबी बसत नव्हतं," तो म्हणाला. "भिंत बसत नव्हती नियमात. वाट बसत होती."

धम्मरत्न म्हणाला की गाडी सांगून झाली आहे, आम्ही हमरस्त्यानं जाऊ, आता उपकार नकोत. त्याचं म्हणणं रास्त होतं. तो तसाच उभा राहिला. आतून कौसल्या उठून दारात आली. तिनं नानाजीकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्याईनं सांगतलं तसंच होईन," ती मुलाला म्हणाली, आणि पुन्हा आत जाऊन बसली.

भिंत पाडायला अन्सार आपला ट्रॅक्टर घेऊन आला. पलीकडलं वावर त्याचंच. साखळी अडकवून त्यानं ओढली तशी भिंत मधोमध फुटली आणि धुरळा खाली बसल्यावर नानाजीला पलीकडली पांदण दिसली. गुडघाभर गवत माजलं होतं, पण वाट जशीच्या तशी होती, दोन्ही बाजूंनी कपाशी आणि मधे ती. नानाजीला वाटलं होतं, अन्सारनं ती केव्हाच नांगरात घेतली असेल. अन्सार कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "रस्त्यावर नांगर नाही घालत भाऊ. अब्बानं नाही घातला, मी कायले घालू?"

आवाज ऐकून समोरचे सर आणि आणखी चौघे बाहेर आले. मंजूर नकाशात हा रस्ता बंद आहे, आम्ही प्लॉट त्याच बोलीवर घेतले, असं सरांचं म्हणणं पडलं. नानाजी म्हणाला, की मंजूर नकाशात शेवटी गोल पण आहे, तो दाखवा. सरांनी घसरगुंडीकडे पाहिलं. मग रविवारी सभा घेऊ, तिथं फाटक बसवायचं की पुन्हा भिंत ते ठरवू, असं म्हणून ते आत गेले आणि एकेका घराची दारं लागली. नानाजीनं आणि अन्सारनं विटा फावड्यानं कडेला सारल्या.

दुपार कलताना मयत कमानीतून आत आली. त्रिशरणाचे धीरगंभीर स्वर पुढं, मागं पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि बाया. गाडी कमानीशीच सोडून त्यांनी उकंडाला खांद्यावर घेतलं होतं. तीन नंबरवर दार उघडं होतं ते एकाच घराचं. बेबी फाटकाच्या आत उभी होती. नानाजी पुढं झाला आणि मागचा खांदा मागितला. धम्मरत्नानं क्षणभर पाहिलं, मग मान हलवली. तिथला पोरगा बाजूला झाला आणि नानाजी तिरडीखाली शिरला.

उकंडा शेवटी शेवटी नुसती हाडं उरला होता. तिरडीला वजन असं नव्हतंच. बागेपाशी विसाव्याला थांबावं असं नानाजीला फार वाटलं, पण या लोकांत ती रीत नाही. ते थांबले नाहीत. पडक्या भिंतीच्या मधून पुढचे दोघे गेले, आणि नानाजीचा पाय विटांच्या चुऱ्यावर पडला तशी तिरडी खांद्यात रुतली. वजन वाढलं होतं. त्याला वाटलं गुडघा वाकला असेल, आपलं वय झालं. पण पुढं धम्मरत्नानंही खांदा सावरला आणि अर्धवट मागं वळून पाहिलं. पुन्हा समोर पाहून स्वर लावला. शेजारचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला की काका, आता मी घेतो. नानाजीनं मान हलवून नाही म्हटलं.

हे वजन त्याच्या ओळखीचं होतं. शेवटचं सबंध वर्ष त्यानं ते रोज सकाळी पलंगावरून उचलून ओट्यावर ठेवलं होतं. एवढंच, ना कमी ना जास्त. फक्त उन्हात नेऊन बसवायचं, पायावर चादर टाकायची. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तो चालत राहिला. गवत पायाला घासत होतं. अन्सार धुऱ्यावर टोपी घालून उभा होता, त्याच्या पुढून गेले, वाकड्या बाभळीपुढून गेले, आणि नाल्याच्या अलीकडच्या काठावर, जिथं बापाला ठेवलं होतं तिथं, नानाजीचा खांदा एकाएकी हलका झाला. मयत थांबली नाही. पाण्यातल्या दगडांवर पाय देत ती पलीकडच्या काठाला लागली.

उकंडाचं सगळं होईपर्यंत तो तिथंच मागं उभा राहिला. धम्मरत्न जाताना त्याच्याजवळ आला. नानाजीला वाटलं तो काही विचारेल. पण त्यानं फक्त स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाबला, दुखतं तिथं दाबतात तसा, आणि माणसांबरोबर निघून गेला.

घरी येऊन नानाजीनं अंघोळ केली. बेबीनं चहा दिला, दोघांनी घेतला. दिवस कलला. नानाजी ओट्यावर येऊन बसला. भिंतीच्या जागी आता आरपार दिसत होतं, अन्सारची कपाशी आणि तिच्या वर थोडं आभाळ. गाई परतल्या. खांबावरचे दिवे लागले. काठी वाजली नाही. तो आणखी बसून राहिला. आत बेबीनं गॅस बंद केला असावा, कारण तिचाही काही आवाज येईना. तीही ऐकत होती. कडी वाजली नाही.

माय गेली, असं तेव्हा नानाजीला कळलं. तेरवीपर्यंत सगळे सांगत होते, त्यानं स्वतः अग्नी दिला होता, पण रोज संध्याकाळी ती दारात यायची, मग गेली कशी म्हणायची? आता गेली होती. त्यानंच तिला खांद्यावर घेऊन पोचवलं होतं, त्याला पाहिजे होतं तसंच झालं होतं, आणि रिकामा रस्ता त्याला बघवेना. तो उठला, अंगण ओलांडून फाटकापाशी गेला आणि कडी हातात घेऊन वाजवली.

आतून पावलं आली. बेबी डोक्यावर पदर ओढत दारात आली आणि बाजूला झाली.